आधी गिअर, मग प्रस्थान

जुन्या ट्रॅक्टरचा गिअर चालता चालता बदलण्यासाठी नसतोच. तो निघण्याआधी ठरवायचा असतो. मोटारवाला पहिल्यात सुटतो, दुसरा टाकतो, तिसरा टाकतो. नांगर जमिनीत रुतलेला असताना हा प्रयोग केला, तर क्लच दाबताक्षणी ट्रॅक्टर जागीच थांबतो आणि चालकाकडे दुसऱ्या गिअरचा नुसता विचार उरतो. म्हणून ढेकळे बघायची, नांगराची खोली बघायची, गिअर निवडायचा आणि तास संपेपर्यंत त्याच्याशी एकनिष्ठ राहायचे.

अडचण यंत्राचीच आहे. फिरत्या चाकांचे वेग जुळवून देणारे सिंक्रोमेश या गिअरपेट्यांत नसते. वेग जुळले नाहीत की दाते दात्यांवर घासतात. तो आवाज वेशीपर्यंत जातो आणि आज ट्रॅक्टरवर शिकाऊ बसला आहे, हे गावाला चौकशीविना कळते. ट्रॅक्टर उभा असतानाही कधी दात्यासमोर दाता येतो आणि गिअर पडत नाही. तेव्हा जोर लावणाऱ्याचा खांदा दुखतो. क्लच सोडून पुन्हा दाबणाऱ्याचा गिअर पडतो.

कॉव्हेन्ट्रीत १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० ला पुढचे चार आणि मागचा एक गिअर. शिवाय गिअरच्या दांड्याकडेच स्टार्टरचे खाते. दांडा ‘एस’ खुणेकडे नेल्याखेरीज स्टार्टर फिरत नाही. म्हणजे गिअरमध्ये ट्रॅक्टर सुरू करून गोठ्याची भिंत पाडण्याची सोयच ठेवलेली नाही. हँडल मारणाऱ्याला मात्र ही सुरक्षा लागू नाही.

पुढे मॅसी फर्ग्युसन ३५ मध्ये तीन गिअरांना हाय-लोचा दुसरा दांडा जोडून पुढचे सहा आणि मागचे दोन केले. दुहेरी क्लचच्या मॉडेलवर पायालाही हिशेब आला: पेडल अर्धे दाबले की चाकांकडे जाणारी ताकद तुटते, पूर्ण दाबले की जोडलेल्या अवजाराला फिरवणारा पीटीओही थांबतो. अर्धे म्हणजे नेमके किती, ते ज्याच्या त्याच्या पायाला विचारावे.

रिव्हर्सच्या बाबतीत कमाल केली ती जर्मनीतल्या मानहाइमच्या लान्झने. १९२१ च्या बुलडॉगला मागचा गिअरच नव्हता. एका सिलिंडरचे ते इंजिन बंद पडण्याच्या बेतात आणून उलटे फिरवायचे, की पुढे नेणारी व्यवस्थाच ट्रॅक्टरला मागे नेई. कधी इंजिन सुरू होतानाच उलटे फिरू लागे. त्यामुळे निघण्याआधी फ्लायव्हील कोणत्या दिशेने फिरते आहे हे पाहणे चालकाचे, आणि मागे उभे न राहणे इतरांचे काम असे.