बोटीला कोनाडा

उन्हाळ्यात ज्या भागात टँकरच्या वाटेकडे हंडे डोळे लावून बसतात, तिथं माझ्या मेव्हण्याच्या तुळजापुरातल्या ट्रॅक्टर गॅरेजात बोट आली. मालक माकणीच्या निम्न तेरणा धरणात मासे धरणारा. किल्ली, थ्रॉटल, पाणी उपसायच्या पंपाचं बटण, सगळं फळीवर बाहेर आलेलं. जाळं ओढताना गुडघा लागायचा आणि बोट आपल्या मर्जीनं निघायची. आता ते सगळं त्याला आत, कोनाड्यात बसवून हवं होतं.

येणारा-जाणारा विचारी, "पाणी कुठाय?"

"माकणीला. हितं नुसती बोट हाय," मेव्हणा मान वर न करता सांगे.

धडधाकट बोटीला चौकोनी भोक पाडायचं म्हणजे मालकाच्या काळजालाच हात. मेव्हण्यानं आधी मागून वायरी चाचपल्या, थ्रॉटलच्या केबलला वळायला किती जागा लागते ते बघून खोली ठरवली, चारी कोपऱ्यांत गोल भोकं पाडली (काटकोनात कापलं की तडा तिथूनच जातो) आणि मग जिगसॉ चालवला. मालक दर इंचाला "आई गं!" आतली पेटी मरीन प्लायची. कापलेल्या कडांना इपॉक्सी, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनंच. तळाला एका कोपऱ्याकडं उतार आणि तिथं निचऱ्याची नळी.

"म्हंजी भोकात आनखी भोक?" मालक कळवळला.

"दाजी, तुमीच सांगा ह्यान्ला."

मी थेट नळदुर्ग गाठला. बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातला 1613 चा पाणी महाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात आणि आतला माणूस कोरडा. का? तर पाण्याला आधी वाट काढून दिलेली! दोघांनी निमूट ऐकलं. जावयाचं ऐकून घेतात.

पेटी झकास बसली. तेवढ्यात मालकानं पिशवीतून तुळजाभवानीचा फोटो काढला, फ्रेमसकट. त्याला नेमकी डिझेलच्या काट्याची जागा पसंत पडलेली.

"आन् काटा?"

"लावा कुठंबी. डिझेल मी काडी घालून बघतो."

तुळजापुरात राहून आईला जागा नाही म्हणायची कुणाची छाती? काटा बाकड्याखाली गेला. मेव्हण्यानं एकच अट घातली, "हार घाला, पर हळदकुंकू नगं. नळी बुजली तर पानी समदं स्विचात."

मालकानं बराच वेळ विचार केला. मग हळूच म्हणाला, "आन् नवरात्रात?"