विषय : विकत घेतलेली गाडी चालवू देण्याबाबत

प्रति,
रेसिंग गेम काढणाऱ्या तमाम कंपन्यांचे मालक,
मुक्काम असेल तेथे.



दर थोड्या वर्षांनी नवा गेम काढावा, की जुन्यालाच डीएलसी, म्हणजे जादा पुरवणी, जोडत राहावे, या पेचात आपण आहात असे कळते. वसई-विरारकरांना विचारा. आमची लोकल 9 डब्यांची होती, 12ची झाली, 2009मध्ये 15ची धावली. 'चर्चगेट 2' काढावे लागले नाही. मग एसी लोकल आली, तिचा पास वेगळा. हेच आपले डीएलसी. मात्र तिच्यासाठी साध्या लोकलची फेरी रद्द झाली की आम्ही बोंब मारतो. या पत्राचे कारणही तेच.

नव्या भागांशी आमचे वैर नाही. 'एफ1 2011'मध्ये ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट आले, तेव्हा खड्डा नसलेला भारतीय रस्ता आम्ही नालासोपाऱ्यात बसून डोळे भरून पाहिला. खरी शर्यत 2013नंतर थांबली आणि 'एफ1 2014'मधून तो रस्ताही गेला. नव्या भागात आपला देश वगळला गेला, हरकत नाही. ज्याच्या कपाटात जुनी डिस्क आहे, त्याचे सर्किट आजही शाबूत आहे.

कपाटातल्या डिस्कची ही गैरसोय आपण मोठ्या कल्पकतेने दूर केलीत. युबिसॉफ्टचा 2014चा 'द क्रू' एकट्याने खेळायचा तरी सर्व्हर लागे. 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद झाला आणि डिस्कवाल्यांच्या हाती नुसती चकती उरली. परदेशी कंपनीने मार्चअखेरीचा मुहूर्त साधला, हे पाहून ऊर भरून आला. त्या मानाने 'फोर्झा होरायझन 4' सज्जन निघाला. 15 डिसेंबर 2024ला परवाने संपल्यामुळे तो दुकानातून उठला, पण आधी घेणाऱ्यांचा चालू राहिला.

आता ईए कंपनीने 2026साठी नवा एफ1 गेम न काढता 'एफ1 25'लाच नवा हंगाम जोडायचे ठरवले आहे. अर्थात पैसे घेऊन. दरवर्षी पूर्ण किंमत मोजण्यापेक्षा हे बरेच. फक्त एक शंका. नवा भाग फसला तर जुना उरतो. जोडणीवर जोडणी झालेला गेम बंद पडला, तर मूळ गेम, गाड्या, ट्रॅक, सगळी गुंतवणूक एका रात्रीत बुडते. शंभर जीबी उतरवताना वीज गेली तरी आम्ही धीर सोडत नाही. पण उतरवलेलेच परत न्यायचे, हे जरा अति होते.

म्हणून दोनच मागण्या. गेम किती वर्षे चालेल, ते विकतानाच खोक्यावर छापा. आणि बंद करताना तो नेटशिवाय चालेल अशी सोय करून जा. 'द क्रू 2'ला ऑफलाइन मोड मिळाला. म्हणजे मनात आणले की जमते. युरोपात यासाठी 10 लाखांवर सह्या जमल्या, तेव्हा हे केवळ विरारचे रडगाणे समजू नये.

बाकी नवा भाग काढा किंवा जुन्याला ठिगळ लावा. पैसे दोन्हींचे आम्हीच भरणार आहोत.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, ऑफलाइन मोड असावा, ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक विरारकर