काचेबाहेरचे काका

पेण आणि रोहा यांच्यात रेल्वेने फार तर तासाभराचं अंतर आहे, पण घरात फिशटँक बाळगणाऱ्या निवृत्त काकांचे दोन स्वतंत्र संप्रदाय तेवढ्या अंतरात नांदतात. दोघांची श्रद्धा एकच. आपल्या टाकीतला मासा हुशार आहे, आणि हुशार असल्यामुळे त्याला कंटाळा येतो. साध्या मत्स्यपालकाला मासा जगला की पुरतं; या काकांना तो रमायलाही हवा असतो. टाकी घरात येते ती बहुधा वेगळ्याच कारणाने. कोणीतरी वास्तुशास्त्रातलं सांगतं की आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवा, भरभराट होईल. मुलगा पुण्याहून टाकी पाठवून देतो. आठ सोनेरी पहिल्याच पावसाळ्यात जातात, काळा त्यांच्या मागोमाग जातो, आणि रिकाम्या टाकीची लाज वाटून काका पनवेलहून ऑस्कर नावाचा मासा आणतात. ऑस्कर आला की वास्तुशास्त्र संपतं आणि मानसशास्त्र सुरू होतं. बोटभर पिल्लू वर्षभरात वीतभर होतं. काका दिसले की काचेशी येऊन उभं राहतं, काकी दिसल्या की पाठ फिरवतं, आणि टाकी धुतली की कोपऱ्यात कलंडून दोन दिवस जेवत नाही. ज्या घरात इतकी वर्षं रुसण्याचा अधिकार फक्त जावयाला होता, तिथे दुसरा हक्कदार येतो आणि काकांच्या निवृत्त आयुष्याला खातं मिळतं.

पेणचा संप्रदाय देखाव्याचा आहे. ज्या गावात आणि शेजारच्या हमरापूर-जोहे पट्ट्यात बारा महिने गणपती घडतात, तिथल्या माणसाला एकदा मांडलेली आरास तशीच ठेवणं जमत नाही. त्यामुळे टाकीत दर महिन्याला नवा देखावा. जूनमध्ये फुटक्या कुंडीची गुहा, जुलैत दगडांचा घाट, ऑगस्टमध्ये रायगड. शेजारच्या कारखान्यात रंगकाम करणारा मुलगा उत्साहाने प्लॅस्टरचा हिरकणी बुरूज करून देतो. आठवडाभरात बुरूज विरघळू लागतो, पाणी जड होतं, मासा वरवर श्वास घेऊ लागतो, आणि पेणमधला शाडू विरुद्ध प्लॅस्टर हा जुना वाद एका टाकीपुरता कायमचा निकालात निघतो. काकी एवढंच म्हणतात, "अहो, माशाचा देखावा महिन्याला बदलतो, आणि हॉलचा रंग मात्र मुलीच्या लग्नापासून तोच आहे." त्यावर काकांचं उत्तर तयार असतं: "तू हॉलच्या बाहेर जाऊ शकतेस. तो नाही जाऊ शकत." हे उत्तर नवरा म्हणून अत्यंत धोक्याचं असलं तरी युक्तिवाद म्हणून भक्कम आहे. पुढे ते लागणार आहे.

रोह्याचा संप्रदाय नोंदींचा. धाटावच्या एमआयडीसीत केमिकल प्लांटवर आयुष्यभर शिफ्ट काढलेला माणूस टाकीकडेही प्लांट म्हणूनच पाहतो. टाकीशेजारी दोऱ्याने पेन बांधलेली वही असते: 'सकाळी ६.४०. पीएच ७.२, तापमान २७, मूड ठीक.' चिंतामणराव देशमुखांच्या गावात नोंदी चोख असणारच, असं काका अभिमानाने सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांनी मूडचा रकाना कधी ठेवला असेल असं वाटत नाही, पण ते असो. पाण्यावर टेबल टेनिसचा चेंडू सोडलेला असतो. ऑस्करने ढुशी मारली की वहीत टिक. चार दिवस टिक नाही आली तर चेंडूचा रंग बदलतो. काका बाहेरगावी निघाले की काकींना रीतसर हँडओव्हर दिला जातो, आणि त्यात फिल्टरच्या आवाजापासून माशाच्या शेपटीच्या हालचालीपर्यंत सगळं असतं, फक्त गॅसचं बिल भरायचं राहिलं आहे हे नसतं. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठात २०२२ मध्ये गोल्डफिशना चाकांवरची टाकी चालवायला शिकवलं, मासा ज्या दिशेला पोहेल तिकडे गाडी वळायची आणि मासे ठरलेल्या खुणेपर्यंत ती नेऊन पोहोचवायचे, ही बातमी रोह्याच्या काकांना तोंडपाठ असते. त्या माशाने एकदा वडखळ ते नागोठणे गाडी चालवून दाखवावी, मगच हुशारीचं बोलू, असं पेणचे काका म्हणतात. मुंबई-गोवा महामार्गाचं या पट्ट्यातलं रुंदीकरण २०११ पासून ज्यांनी सोसलं आहे, त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

आता या दोघांना हसणं सोपं आहे, आणि गाव हसतंच. माझं म्हणणं असं की त्यांच्या श्रद्धेला हसू नये, फार तर तिच्या अंमलबजावणीला हसावं. लोकांचा पहिला आक्षेप ठरलेला: माशाची स्मरणशक्ती तीन सेकंदांची, त्याला कंटाळायला तरी सवड कुठे? हे तीन सेकंद कोणी मोजले ते कोणी सांगत नाही. ज्यांनी खरोखर मोजलं त्यांना उलटंच आढळलं. ऑस्ट्रेलियातले संशोधक कलम ब्राउन यांनी रेनबोफिश जातीच्या माशांवर टाकीत जाळं ओढलं. जाळ्याला एक भोक होतं. पाचेक खेपांत माशांना ते सापडलं, आणि मध्ये काही सराव नसताना अकरा महिन्यांनी तेच जाळं पुन्हा ओढलं तेव्हाही त्यांना सुटकेची वाट आठवत होती. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक वर्गणी अकरा महिने लक्षात ठेवणारे सभासद किती, हा प्रश्न इथे विचारत नाही. तोंडाने पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारा आर्चरफिश घ्या: २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने ४४ नव्या चेहऱ्यांच्या तुलनेत शिकवलेला माणसाचा चेहरा बहुतेक वेळा बरोबर ओळखला. ऑस्कर काकांना ओळखतो आणि काकींकडे पाठ फिरवतो, यात म्हणून अशक्य काही नाही. टाकी धुताना जाळी काकींच्याच हातात असते.

"ओळखतो तो खाण्यापुरता," हा याच्या पुढचा आक्षेप, आणि तो जास्त वजनाचा आहे. पोटासाठी केलेली हुशारी कंटाळ्याचा पुरावा होत नाही, हे मान्य. पण २०१४ मध्ये अमेरिकन संशोधकांनी आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या एका माशाबद्दल लिहिलं आहे. ऑस्कर ज्या कुळातला, आणि दक्षिण कोकण-गोव्याच्या खाडीतलं आपलं कालुंदरही ज्या कुळातलं, त्याच कुळातला हा मासा. त्यांच्या टाकीत तळाशी वजन असलेला थर्मामीटर होता, पाडला तरी पुन्हा उभा राहणारा. तीन नर मासे त्याला वारंवार ढुश्या मारत, प्रत्येक जण आपल्या पद्धतीने. टाकीत खाणं आहे की नाही, शेजारी दुसरा मासा आहे की नाही, याने काही फरक पडेना. संशोधकांनी त्याला खेळ म्हटलं. रोह्याच्या वहीतली टिक आणि हे निरीक्षण यांत शास्त्रीय शिस्तीचं अंतर मोठं आहे, पण दोन्हीकडे दिसलेली गोष्ट एकच असावी.

खरं तर रायगड जिल्ह्याला यासाठी परदेशी दाखल्याची गरजच पडू नये. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. देवीचे मासे म्हणून गावाने राखलेला हा डोह. चुरमुरे टाकले की मोठमोठे महसीर वर येतात, माणसाला बिचकत नाहीत. या पाण्यात जाळं पडत नाही हे त्या माशांना अनुभवाने कळलं आहे. आणि पेण-अलिबागच्या खारेपाटात तर घराशेजारच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची रीतच आहे. सरकारी काम अडलं की साहेबाकडे आणि सण आला की जावयाकडे जिताडा जातो, ही त्या पट्ट्यातली सर्वज्ञात गोष्ट. इथेच तिसरा आक्षेप येतो, खास कोकणी: सोमवारी माशाची करमणूक आणि रविवारी सुरमईचं कालवण, हा कुठला न्याय? बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोदाचं प्रकरण आहे, पण तिथे रमायचा राजा आणि गळाला लागायचा मासा. भूमिकांबद्दल संभ्रम नव्हता. काकांवरचा दांभिकपणाचा आरोप मला तरी टिकणारा वाटत नाही. सुरमई समुद्रात तिच्या मर्जीने जगली आणि एका दिवशी संपली. तळ्यातला जिताडा मोकळ्या पाण्यात कोळंबीच्या मागे धावतो. ऑस्कर मात्र चार फूट काचेत दहा-बारा वर्षं काढणार आहे. ज्याला आपण कोंडलं त्याचा वेळ कसा जाईल हे पाहणं कोंडणाऱ्याकडेच येतं. पेणचे काका हॉलच्या रंगाबद्दल बोलताना हेच सांगत होते, फक्त ऐकणारी व्यक्ती चुकीची निवडली.

काकांचा स्वतःचा रिकामा वेळ ते माशाच्या नावावर मांडतात, असंही म्हटलं जातं. मांडतात, यात शंका नाही. अंमलबजावणी फसते ती त्याचमुळे. आपल्याला जे पाहून बरं वाटतं तेच माशाला दाखवलं जातं: टीव्ही टाकीकडे तिरका, क्रिकेटचा सामना, संध्याकाळी भावगीतं. कोई माशांना ब्लूज आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वेगवेगळं ओळखता येतं हे २००१ मध्ये सिद्ध झालं आहे. पण ओळखणं वेगळं आणि आवडणं वेगळं, हे संगीताच्या मैफलीला बळेच नेलेला कोणताही नातेवाईक सांगेल. काचेला स्पीकर टेकवला तर त्याचा धक्का माशाला अंगभर जाणवतो. फायटर माशासमोर आरसा धरून "बघा, कसा खूश झाला" म्हणणारे काका तर त्याला शत्रू दाखवत असतात. कल्ले फुलवणं हे युद्धाचं लक्षण आहे. एक-दोन मिनिटं ठीक, दिवसभर आरसा म्हणजे छळ. क्लीनर रास नावाचा छोटा सागरी मासा आरशात पाहून स्वतःच्या अंगावरचा डाग घासायला जातो असं जपानी संशोधकांना २०१९ मध्ये आढळलं आणि त्यावर शास्त्रज्ञांत अजून जुंपलेली आहे, पण त्या अपवादावर पेणच्या फायटरचा आरसा टिकत नाही. गोल बरणीबद्दल तर बोलायलाच नको. इटलीतल्या मोंझा शहराने २००४ मध्ये तिच्यावर बंदी घातली, कारण वाकड्या काचेतून माशाला जग वाकडं दिसतं.

माशाला प्रेक्षक समजण्यात दोन्ही संप्रदायांची चूक आहे. त्याला पाहायला काही नको, करायला हवं. जिल्ह्यातला सगळ्यात कमी कंटाळलेला छोटा मासा शोधायचा तर तो हिवतापवाल्यांनी साठवणीच्या पाण्यात सोडलेला गप्पी असावा: सरकारी नेमणूक, डासांच्या अळ्या खाण्याचं ठरलेलं काम, दिवसभर शिकार. कुंडलिकेतल्या माशालाही उद्योग कमी नाही. भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं पाणी सकाळी नदीत येतं, कोलाडचे राफ्टिंगवाले त्यावर धंदा करतात आणि माशाला रोज नव्याने आपली जागा सांभाळावी लागते. टाकीत हे आणायला पैसे लागत नाहीत. एकाच कोपऱ्यात दाणे टाकण्याऐवजी भोकं पाडलेल्या पाइपच्या तुकड्यात अडकवावेत. ऑस्करने वाळू उपसली, झाड उपटलं तर ते पुन्हा लावून त्याला रागवू नये. त्याचं ते कामच आहे. पावसाळ्यात एखादं गांडूळ द्यावं. रंगीत नळीला तोंड लावलं की दाणा, हे शिकवायला थोडे दिवस पुरतात. जिवंत अळ्या तर उत्तमच, फक्त बादलीत अळ्या वाढवणाऱ्या काकांच्या दारात नेमका त्याच दिवशी नगरपरिषदेचा डेंग्यू तपासणीवाला येतो, आणि "या माशासाठी आहेत" हे उत्तर त्याच्या फॉर्ममध्ये कुठल्याच रकान्यात बसत नाही. देखावाही वर्ज्य नाही. अधूनमधून एखादा दगड हलवावा. दर महिन्याला सगळा रायगड पाडला तर जागा धरून राहणारा मासा बिथरतो.

पाण्याचा आक्षेप उरतो आणि त्यावर विनोद करवत नाही. हेटवणे धरण पेण तालुक्यात, पण वाशी-शिर्कीच्या खारेपाटाने उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेली आहे. तिथे माशाच्या मनोरंजनाची चर्चा कोणत्या तोंडाने करायची? हिशेब असा: चार फुटी टाकीत अडीचशे लिटर पाणी, आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा म्हणजे साठेक लिटर. काढलेलं पाणी झाडांना खतासारखं लागू पडतं. तुळस आणि अळू त्यावर माजतात. ज्याला तेवढं पाणी परवडत नाही त्याने टाकी ठेवू नये, आणि ज्याने ठेवली आहे त्याने एकही बादली मोरीत ओतू नये. यात मधला मार्ग मला दिसत नाही.

मे महिन्यात काका-काकी पुण्याला जातील आणि चावी तुमच्याकडे देतील, तेव्हा एवढं करा. टाकीतले मासे उपासाने क्वचित, आणि शेजाऱ्यांच्या मायेने हमखास मरतात. दिवसातून एकदा, एकच चिमूट. ऑस्कर काचेशी येऊन आठवडाभर जेवला नसल्याचा आव आणेल, आणि तो फार चांगला आणतो. तरी दुसरी चिमूट घालू नका. चेंडू मात्र रोज पाण्यात टाका, आणि त्याने ढुशी मारली तर वहीत टिक करायला विसरू नका. काका आल्या आल्या आधी तीच पाहणार आहेत.