आपल्या वतीने कोणीतरी

पगार झाला की दोनशे माणसांना दोनशे पगारपावत्या ईमेलने धाडायच्या, हे काम यंत्राचं आहे याबद्दल दुमत नसावं. ॲक्सेसमधला मॅक्रो आउटलुकला कामाला लावणार, आउटलुक पत्रं पाठवणार आणि अकाउंट्सवाला चहाला जाणार. योजनेत खोट एवढीच, की जुनं आउटलुक त्याला चहाला जाऊ द्यायचं नाही.

पडद्यावर खिडकी उघडायची. कोणतातरी प्रोग्रॅम तुमच्या वतीने ईमेल पाठवू पाहतोय. तुम्हाला कल्पना नसेल तर व्हायरसही असेल, 'नाही' म्हणा. 'नाही'चं बटण तत्पर. 'हो'चं मात्र करडं पडलेलं. एक पट्टी सावकाश भरत जायची, तिला पाच सेकंद लागायचे आणि मग 'हो' म्हणायची मुभा. हे पाच सेकंद विचार करायला दिलेले. पहिल्या पावतीला माणूस खरंच विचार करायचा. चौथ्या पावतीपासून तो नोकरी बदलण्याचा विचार करायचा. 200 पावत्यांचे 1000 सेकंद, म्हणजे जवळजवळ 17 मिनिटं. मॅक्रोने पत्त्यांच्या यादीत डोकावलं तर त्याची खिडकी निराळी: किती वेळ बघू द्यायचं, 1, 2, 5 की 10 मिनिटं? दहाच्या वर औदार्य चालत नसे. म्हणजे 17 मिनिटांच्या कामाला मधेच मुदतवाढ देणं आलं. रात्री दोनला बंद खोलीतल्या सर्व्हरवर हाच प्रश्न पडला, तर तो सकाळपर्यंत उत्तराची वाट बघत बसायचा. तक्रार मात्र पावती न मिळालेला करायचा.

या साऱ्याचं मूळ प्रेमात आहे. मे 2000 मध्ये फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' अशा विषयाचं पत्र निघालं. सोबतची फाइल उघडली की यादीतल्या झाडून सगळ्यांना तेच प्रेम जायचं. (1999 चा मेलिसा व्हायरस पहिल्या 50 जणांवर समाधान मानायचा. तेव्हाचे व्हायरसही मर्यादशील.) मायक्रोसॉफ्टने जूनमध्ये आउटलुकसाठी सुरक्षेचा अपडेट काढला आणि ही खिडकी आली. व्हायरस लिहिणारा सापडला, पण फिलिपिन्समध्ये तेव्हा तसा कायदाच नसल्यामुळे सुटला. शिक्षा अकाउंट्स विभागाला झाली.

मग लोकांनी शहाणपणा केला. 'क्लिकयेस' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आला. त्याचं काम एकच: खिडकी आली की माणसाऐवजी 'हो' दाबणं. म्हणजे एक प्रोग्रॅम पत्र पाठवणार, दुसरा विचारणार 'माणूस आहे ना?' आणि तिसरा माणसाच्या वतीने 'आहे' म्हणणार. सुरक्षा अबाधित. ज्यांना हेही लाजिरवाणं वाटलं त्यांनी 'रिडेम्प्शन' नावाची लायब्ररी घेऊन मागच्या दाराने पत्रं पाठवली. तिकडे कोणी काही विचारत नाही.

2007 च्या आउटलुकने जरा नमतं घेतलं. अँटीव्हायरस ताजा असेल तर खिडकी येत नाही. अँटीव्हायरसची वर्गणी संपली की परत येते, म्हणून पगारपावत्या अडल्या की आधी अँटीव्हायरसचं बिल शोधावं. तेही नको असेल तर सेटिंगमध्ये एक पर्याय आहे: संशयास्पद हालचालींबद्दल मला कधीच सावध करू नका. पुढे कंसात, शिफारस नाही. शिफारस नसलेल्या त्या पर्यायावर टिचकी मारायला गेलं की तोही करडा. तो उघडायला आउटलुक ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवावं लागतं, ते अधिकार आयटीकडे असतात, आणि आयटीवाला म्हणतो, मेल टाकून ठेवा.