हीट नंबर सात

निवृत्त पुरुषाचे पहिले तीन महिने घरच्यांना फार जड जातात. पहिल्या महिन्यात तो पहाटे उठून मोती तलावाला चक्कर मारतो आणि परत आल्यावर झोपलेल्या माणसांकडे दयेने बघतो. दुसऱ्या महिन्यात घरातल्या नळांचे वायसर, शेजाऱ्याच्या फाटकाची कडी आणि चांगले चालणारे घड्याळ दुरुस्त करतो. तिसऱ्या महिन्यात हाताला काही लागेनासे होते आणि त्याची पावले स्वयंपाकघराकडे वळतात. “गॅस एवढा मोठा कामून ठेवला?” हा प्रश्न कानावर आला की बाईने ओळखावे, साहेब नव्या जागी रुजू झाले.

पुढे या जातीच्या दोन पोटजाती होतात. एक फ्रीजमधल्या वाट्या मोजते. दुसरी मोबाइलवर व्हिडिओ बघून ब्रेड भाजते. पहिलीचा उपद्रव घरापुरता असतो. दुसरीचा गल्लीभर होतो, कारण भाजलेला ब्रेड कुणाला तरी खावा लागतो आणि “प्रामाणिकपणे सांगा” या आग्रहाला सराईतपणे खोटे उत्तर द्यावे लागते.

आमच्या गल्लीतले नाना दुसऱ्या पोटजातीचे.

जालन्याला जुने लोक ‘सोने का पालना’ म्हणत. आता त्या पाळण्यात लोखंड जास्त आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको सुरू केली आणि बियाण्याने गावाचे नाव देशभर नेले. पुढे ते सळईने नेले. नाना या सळईतले. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षे भट्टीवर. लोखंडाचे बिलेट अकराशे-बाराशे अंशांपर्यंत तापवायचे आणि लालपिवळे झाले की रोलमध्ये सोडायचे. मीटर असे, पण नानांचा भरवसा डोळ्यावर. निळी काच धरायची, एक डोळा मिटायचा, भट्टीच्या झरोक्यातून बघायचे आणि म्हणायचे, “अजून दोन मिनिटं.” ती दोन मिनिटे कधी तीन झाली नाहीत, असे नाना सांगतात. आम्ही मिलमध्ये गेलेलो नसल्याने ते मान्य करतो.

ओव्हन मुलाने पुण्याहून पाठवला होता, आईसाठी, दिवाळीला. नानींनी त्याला हळदकुंकू वाहिले, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि रुमालावर नातवाचा फोटो ठेवला. असा तो दीड वर्ष सुखात होता. एका दुपारी नानांनी फोटो उचलला, रुमाल काढला, टेपने आतली लांबी-रुंदी मोजली आणि दार दोनदा उघडबंद करून शेरा मारला, “भट्टी बारकी आहे. पण रॉड दोन्ही चांगले आहेत.”

दुसऱ्या दिवशी लांबट रजिस्टर आले. रकाने आखले: हीट नंबर, तारीख, चार्ज, तापमान, वेळ, शेरा. मिलमध्ये एका वेळच्या वितळणीला हीट म्हणतात. आमच्या गल्लीत आता ब्रेडला म्हणतात.

नानांनी निवडलेला पदार्थ होता दालचिनीचा, तोडून खायचा गोड ब्रेड. पिठाचे गोळे लोण्यात बुडवायचे, गूळ-दालचिनीत घोळवायचे, भांड्यात एकमेकांना टेकवून रचायचे आणि भाजायचे. सुरी लागत नाही, हाताने एकेक गोळा तोडून खायचा. अमेरिकेत याला ‘मंकी ब्रेड’ म्हणतात, हे नानांनी आमच्यापासून महिनाभर लपवले. त्याचा काही उपयोग झाला नाही. पोरांनी स्वतःच्या अकलेने ‘माकडपाव’ हे नाव आधीच पाडले होते.

“अहो, हा तर गोड लादीपाव,” नानी पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “तोही तोडूनच खातात की.”

“लादी सपाट असते. हा डोंगर असतो,” नाना म्हणाले. “हंगेरीत याच्या भावाला सोनेरी गोळे म्हणतात. अमेरिकेत रेगन साहेबांच्या बायकोनं हा ब्रेड व्हाइट हाउसमध्ये पाहुण्यांना खाऊ घातला.”

“तिच्याकडं नळ कितव्या दिवशी येत होते?” नानींनी विचारले.

कृती सोपी आहे, असे व्हिडिओतली मुलगी हसत सांगते. मैदा 400 ग्रॅम, दूध 240 मिलिलिटर, साखर 50, लोणी 50, यीस्ट 7, मीठ 6. बेरीज 753. नानांनी तिला 30 ने भागले आणि जाहीर केले: पंचवीस गोळे, तीन ग्रॅम घट. मुलीने ‘साधारण लिंबाएवढे गोळे’ म्हटले होते. “लिंबू हे काय माप झालं?” नानांनी मोबाइललाच विचारले. वरून घोळवायला 80 ग्रॅम लोणी, 120 ग्रॅम गूळ पावडर, दोन चमचे दालचिनी. मुलगी ब्राऊन शुगर म्हणाली होती, पण गुळाच्या देशात ब्राऊन शुगर शोधायला जाणे नानांना कमीपणाचे वाटले. यीस्टसाठी मात्र हिंडावे लागले. किराणावाल्याने “खायचा सोडा देऊ का?” म्हणून विचारले, ते नाना अजून विसरलेले नाहीत.

हीट नंबर एक. यीस्ट सजीव असते. कोमट दुधात, म्हणजे चाळीसेक अंशांत, ते जागे होते; साठाच्या आसपास मरते. नानांच्या जन्मात भट्टीत जिवंत काही टाकायची वेळ आली नव्हती. त्यांनी दूध खदखदा उकळले आणि त्यात यीस्ट ओतले. दोन तास पीठ फुगायची वाट बघितली, मग तसेच भाजले. पंचवीस गोळे बेअरिंगच्या छऱ्यांसारखे निघाले. पोरांनी त्यांच्या गोट्या खेळल्या. शेरा: ‘चार्ज थंड टाकावा.’

हीट नंबर दोन मे महिन्यातली. बाहेर बेचाळीस अंश. मुलीच्या गावी पीठ दुप्पट व्हायला दीड तास लागतो. जालन्याच्या मेमध्ये ते पस्तीस मिनिटांत परातीच्या काठावर येऊन बघायला लागते. आणि नेमके तेव्हा नळ आले. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत, त्यामुळे ती बातमी असते. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडते आणि नवरा-बायको, भांडलेले भाऊ, परीक्षेला बसलेली पोरे, सगळी हंडे-पाइप घेऊन धावतात. नानाही धावले. दीड तासाने ओल्या धोतराने परतले तेव्हा पीठ परात सोडून ओट्यावरून खाली उतरले होते आणि त्याला ताडीसारखा वास येत होता. शेरा: ‘नळ आल्याने माल उतू गेला.’

तिसऱ्या हीटला पंधराव्या मिनिटाला लाइट गेली. चौथ्या हीटला नानांचा जिल्हाभिमान आडवा आला. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. मग ब्रेडवर मोसंबीच्या रसाचा लेप नको? रस सकाळी काढला, लेप दुपारी दिला. मोसंबीचा रस ठेवला की कडू होतो, हे कोणत्याही रसवंतीवाल्याने फुकट सांगितले असते. आम्ही सगळ्यांनी तो ब्रेड खाल्ला आणि “वेगळा आहे” म्हणालो. पाचव्या हीटचा ब्रेड अप्रतिम भाजला होता, असे म्हणतात. तो कुणी पाहिला नाही. भांडे उपडे करायला नाना विसरले. गूळ थंड होऊन टणक झाला आणि ब्रेड भांड्याला चिकटला तो छिन्नीनेच निघाला. पाच मिनिटे थांबून उपडे करायचे, पंधरा नाही, हा धडा त्या दिवशी रजिस्टरमध्ये लाल पेनाने उतरला.

सहाव्या हीटला नानी मध्ये पडल्या. त्यांचे मत असे की माणूस वाया गेला तरी चालेल, मैदा जाऊ नये. नाना एकेक गोळा काट्यावर ठेवत होते, चिमूटभर काढत होते, चिमूटभर लावत होते. नानी शेजारी बसल्या आणि पुरणपोळीचा उंडा तोडावा तसे अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून गोळे तोडत गेल्या. डावा हात लोण्यात, उजवा गुळात. ओला हात कोरड्यात जात नव्हता, कोरडा ओल्यात जात नव्हता. नानांचे चार झाले तेवढ्यात त्यांचे एकवीस. नानांना राहवेना. त्यांनी नानींचा एक गोळा काट्यावर ठेवला. 30. दुसरा, 30. तिसरा, 31. चौथा, 30.

“काटा बिघडला,” नाना म्हणाले.

त्या हीटचा ब्रेड खाण्याजोगा झाला. वरून थोडा करपला होता, एवढेच. कृतीत पस्तीस मिनिटे होती म्हणून नानांनी पस्तीस ठेवला. नानी पंचविसाव्यालाच “काढा” म्हणत होत्या.

सातव्या हीटची तारीख आषाढी एकादशी. त्या दिवशी साबुदाण्यानंतर ओटा दुपारभर मोकळा असतो, हा नानांचा हिशेब. पण आपल्याकडे दालचिनीचा वास कशाचा असतो, हे त्यांच्या लक्षात आले नाही. दालचिनी घरात असते ती काळ्या मसाल्यासाठी. ती भाजते ती लवंग-मिऱ्यांबरोबर, आणि पुढे जाते कुठे, हे सांगायला नको. तीनच्या सुमाराला लोणी आणि दालचिनीचा दाट, गरम वास नानांच्या खिडकीतून निघाला आणि उपाशी गल्लीत शिरला. सव्वातीनला गल्लीच्या त्या टोकाला बातमी पोचली होती की आज, एकादशीला, नानांकडे मटण आहे.

साडेतीनला आक्का दारात. मागे समोरच्या वहिनी, त्यांच्यामागे अजून चौघी आणि पायांमधून पोरे.

“नाना, आज एकादशी ना?”

“हो ना.”

“मग काय शिजू राहिलं?”

“दालचिनी.”

“ते कळलं. पण कशात?”

नाना उत्तर द्यायला वळले ते ओव्हनच्या काचेशी थांबले. आत गोळे फुगून एकमेकांच्या अंगावर चढले होते. फटींमधून गुळाचा पाक बुडबुडत होता; आधी बुडबुडे बारीक होते, आता मोठे आणि संथ झाले होते. टोके पिवळसर, मग बदामी, मग त्या बदामीत तांबूस झाक यायला लागली. ओट्यावरचा टायमर अजून अकरा मिनिटे दाखवत होता. नानांनी टायमरकडे पाहिले नाही. कपाळावर आडवा हात धरला, डावा डोळा मिटला आणि खाली वाकले. गल्ली गप्प झाली.

“काढा,” नाना म्हणाले.

“काढा,” त्याच क्षणी नानीही म्हणाल्या. अडतीस वर्षांच्या संसारात दोघांचे एकाच वेळी एकमत झाल्याची ही पहिली नोंद. रजिस्टरमध्ये ती नाही, पण आम्ही साक्षीला होतो.

पाच मिनिटे. नानी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या, नाना भांड्याकडे. मग ताट ठेवले, भांडे उपडे केले, वर एक थाप मारली आणि ब्रेड ताटात आला. तपकिरी, चकचकीत, पंचवीस गोळ्यांचा डोंगर, उतारावरून पाक ओघळतोय. पहिला गोळा एका पोराने ओढला तेव्हा गोळ्याच्या पाठीमागून पांढरा, कापसासारखा धागा ताणला गेला आणि आतून वाफ निघाली. त्यानंतर नानांनी काही समजावून सांगायला तोंड उघडले, पण ऐकायला कुणी मोकळे नव्हते. पोरांचे हात सगळ्या दिशांनी आले. असा ब्रेड कसा वाढायचा, किती तुकडे करायचे, यावर नानांची एक पाठ केलेली माहिती होती. ती तशीच राहिली. चार मिनिटांत ताटात गुळाचे डाग उरले आणि सर्वांत लहान पोरगे ते बोटाने पुसत होते.

उपास असलेल्या बायका उभ्या राहून बघत होत्या. अशा वेळी पुढारी असेल तर काही तरी बोलतो. आक्कांनी आवंढा गिळला.

“नाना,” त्या म्हणाल्या, “उद्या बारस सोडायला काय आहे तुमच्याकडं?”

“प्रामाणिकपणे सांगा” असे त्या दिवशी नाना कुणाला म्हणाले नाहीत. लोक गेल्यावर त्यांनी रजिस्टर घेतले आणि लिहिले: ‘हीट नं. 7. रंग बरोबर. वेळ डोळ्यावर. माल पास. शिल्लक निरंक.’

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दूध आणायला निघालो तेव्हा गल्लीत अंधार होता आणि नानांच्या स्वयंपाकघरात ओव्हनचा छोटा लाल दिवा लागलेला होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदा नानांना पहिली पाळी लागली होती. आत डोकावलो तर ते परात झाकून उभे आणि रजिस्टर उघडे. चार्जच्या रकान्यात मिलच्या पद्धतीने, सुंदर अक्षरात ऑर्डरी लिहिल्या होत्या: आक्का 2, समोरच्या वहिनी 3, तळघरातले मास्तर 2, पोरे (अंदाजे) 12. सर्वांत शेवटी होते: नानी 1. सात हीटमध्ये नानींनी कधी आपणहून मागितला नव्हता. त्या ओळीपुढे नानांनी बारीक अक्षरात लिहिले होते, ‘मोठा. काटा लावू नये.’