हे १९६२ सालचे घर आहे

एडिसन, न्यू जर्सी
ज्येष्ठ वद्य पंचमी

तीर्थरूप बाबांचे सेवेशी,
बालके विनायकाचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आपले आज्ञापत्र पोहोचले. घरखरेदीसारखी गोष्ट फोनवर तीन मिनिटांत उरकणे हा पूर्वजांचा उपमर्द आहे, सबब सर्व हकीकत शाईने कागदावर लिहून पाठवावी, असे आपण बजावले आणि सोबत पाच प्रश्नही धाडले: दगड कोणता, चुना की सिमेंट, वासे कशाचे, दार कोणत्या दिशेस आणि पाण्याचे काय. पैकी पहिल्या तिहींची उत्तरे वाचण्यापूर्वी आपण आरामखुर्चीत बसून घ्यावे; कारण ज्या घरापायी मी तीस वर्षांचे कर्ज शिरावर घेण्याच्या बेतात आहे, त्याचे तळघर तेवढे काँक्रीटचे असून, वरच्या भिंती म्हणजे लाकडाच्या सडपातळ काठ्या सोळा-सोळा इंचांवर उभ्या करून त्यांस दोन्ही अंगांनी तक्ते ठोकलेले आहेत. आपण ज्यास मांडव म्हणाल त्यास येथे 'कोलोनियल' म्हणतात. दार पूर्वेला आहे; आईचे तेवढ्यावर समाधान व्हावे. पाण्याचा मजकूर विस्ताराचा आहे, तो ओघात येईलच.

येथील रीत अशी की, सौदा ठरून उभय पक्षांच्या वकिलांचे तीन दिवसांचे कागदवाचन पार पडले म्हणजे खरेदीदाराने स्वतःच्या खर्चाने एक परवानाधारक गृहनिरीक्षक बोलवावा आणि त्याच्या मुखाने त्या घराचे यथासांग वैगुण्यवर्णन करवून घ्यावे. आमचा निरीक्षक हा सहा फूट उंचीचा, मितभाषी, गुडघ्यांस गाद्या बांधलेला इसम होता. त्याने शिडी, विजेरी आणि भिंतीतील ओल जोखण्याचे यंत्र अशी सामग्री मोटारीतून उतरवली, तेव्हा मी, आपला मुलगा असल्यामुळे, एकदम मुद्द्यालाच हात घातला आणि विचारले, "घर चांगले आहे ना?" त्याने घराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "हे १९६२ सालचे घर आहे."

पुढल्या साडेतीन तासांत हा प्रश्न मी निरनिराळ्या वेषांत चार वेळा विचारला आणि चारही वेळा मला सालच मिळाले. घराची किंमत रास्त आहे काय, हे सांगणे त्याच्या अखत्यारीत नाही. घ्यावे की न घ्यावे, हेही नाही. दिसेल ते पाहावे आणि पाहिले ते लिहावे, एवढाच त्याचा अधिकार. १९७८ पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून त्याविषयीची एक सरकारी पुस्तिका विक्रेत्याने आमच्या सह्या घेऊन आम्हांस अगोदरच सुपूर्द केली होती. तिचा उल्लेख होताच तो पुन्हा 'बासष्ट' म्हणाला, जणू साल हेच त्या घराचे दुखणे.

त्याचा ताळेबंद थोडक्यात देतो. न्हाणीघरातील पंखा वाफ बाहेर न टाकता माळ्यावर सोडतो, त्यामुळे छपराच्या फळ्यांवर बुरशीची काळी नक्षी उठली आहे. पाणी तापवण्याच्या टाकीला दाब वाढल्यास उघडणारी झडप आहे, परंतु तिची नळी जमिनीपर्यंत उतरवलेली नाही. म्हणजे प्रसंग आलाच तर उकळते पाणी पाहणाऱ्याच्या अंगावर. स्वयंपाकघरातील प्लगला, पाच मिलिअँपियरच्या आसपास वीज जरी वाट चुकली तरी तत्क्षणी प्रवाह तोडणारी कळ असावी लागते, ती नाही. जिन्याच्या कठड्याच्या दांड्यांमधून चार इंच व्यासाचा चेंडू जाता कामा नये, कारण जेथून चेंडू जातो तेथून मूल जाते; येथील फट साडेपाच इंचांची निघाली. ही बाब त्याने इतक्या गंभीरपणे टिपली की, साताऱ्यास आमच्या माडीच्या जिन्याला कठडाच नसून वरून लोंबणारा एक दोर आहे व त्या दोराच्या आधाराने चार पिढ्या चढल्या-उतरल्या, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता पाणी. तळघराच्या भिंतीवर विजेरीचा झोत टाकून तो 'एफ्लोरेसन्स' असे काहीसे म्हणाला. मी तो शब्द वहीत टिपून घेतला, जवळ जाऊन पाहिले, तो आपला लोणा! भिंतीवर तोच पांढरा फुलोरा, ज्यासाठी आपण दर पावसाळ्यानंतर गवंड्याच्या नावाने बोटे मोडता. कारणही आपलेच निघाले. घरालगतच्या जमिनीस पहिल्या दहा फुटांत सहा इंचांचा तरी उतार बाहेरच्या अंगास हवा, तो येथे घराकडेच आहे. आणि पन्हळाचे पाणी दूर नेण्याऐवजी विक्रेत्याने ते पायाशीच सोडले आहे. चाळीस वर्षे सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर असलेल्या गृहस्थाच्या घरी जेवताना जे ऐकले, तेच मी मोबदला देऊन इंग्रजीत ऐकत होतो. माझी मान इतकी हलू लागली की, त्याने मला माझा व्यवसाय विचारला.

मागील अंगणात निराळाच सोहळा चालला होता. जुन्या घरांत तापवणीसाठी तेल वापरीत आणि त्याची लोखंडी टाकी जमिनीत पुरीत. पुढे गॅस आला, टाकी मात्र विस्मरणात जाऊन खाली गंजत, झिरपत राहिली, अशी प्रकरणे या राज्यात पुष्कळ आहेत, आणि तेलाने नासलेली माती उपसण्याचा खर्च माणसाला रस्त्यावर आणू शकतो. म्हणून धातुशोधक यंत्र घेतलेला एक दुसरा इसम हिरवळीवर पावलापावलाने फिरत होता. आपल्याकडचा पाणाड्या नारळ घेऊन फिरतो तसा. फरक एवढाच की, पाणाड्याला काही सापडावे म्हणून आपण देव पाण्यात ठेवतो आणि याला काही सापडू नये म्हणून. एकदा यंत्र किंचाळले. मी मटकन बसलो. खणले तेव्हा गंजलेले फावडे निघाले.

(यापुढील मजकूर ओसरीवर मोठ्याने वाचू नये, आईच्या कानी पडल्यास नवस बोलले जातील.) येथील खडकांत व मातीत युरेनियमचा अंश असतो, त्याच्या क्षयातून रेडॉन नावाचा वायू निघतो आणि तळघराच्या भेगांतून निमूटपणे घरात येतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसांच्या कर्करोगाचे तेच कारण, असे येथील पर्यावरण खाते सांगते. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात १९८४ साली स्टॅन्ली वॉट्रस नावाचा अभियंता लिमरिकच्या अणुवीजकेंद्रात कामावर जाई, तेव्हा किरणोत्सर्ग शोधणारी तेथील यंत्रे ठणाणा करीत. पुष्कळ शोधाअंती असे उघड झाले की, तो किरणोत्सर्ग केंद्रातून घरी नेत नसून घरातून केंद्रात आणीत होता! आमच्याकडे दारे-खिडक्या बंद करून दोन दिवस डबी ठेवली. लिटरला ४ पिकोक्युरीवर उपाय करावा असा दंडक, आमचे भरले ५.८. उपाय सोपा आहे: तळघराच्या फरशीखालून एक नळी काढून छपराच्या वर न्यायची आणि तिला अहोरात्र फिरणारा पंखा बसवायचा. विक्रेत्याने तो खर्च मान्य केला आहे. बाकीच्या कलमांवर त्याची कैफियत अशी की, तो या घरात एकतीस वर्षे राहिला आणि त्याला यातले काहीही आढळले नाही.

याच वाक्यावरून आपल्या सूनबाईंना संशय आला. तळघराच्या एका भिंतीवर त्याने फुटबॉलच्या चमूचे भलेमोठे निशाण टांगलेले होते. निरीक्षक त्याच्यासमोरून दोनदा गेला. वस्तू हलवणे, भिंतीवरचे उतरवणे त्याच्या कामात बसत नाही. परंतु सौ. ही आमच्या घरात नांदलेली. माजघराच्या उत्तरेकडील भिंतीवर, ताईला पाहायला मंडळी येणार म्हटले की, आई जे कॅलेंडर नेहमीच्या खिळ्यावरून काढून दोन हात डावीकडे लावीत असे, त्याची कथा तिला पाठ आहे. तिने विक्रेत्याच्या दलालाची परवानगी काढली आणि निशाण उचलले. मागे वरपासून खालपर्यंत भेग! निरीक्षकाने तिच्याकडे ज्या आदराने पाहिले, तसा आदर मला त्या दिवशी मिळाला नव्हता.

घाबरण्याचे कारण नाही. आडवी भेग असती तर मागच्या मातीचा दाब भिंत आत ढकलतो आहे असे समजून आम्ही उठून आलो असतो. ही उभी आहे, सुताएवढी आहे, काँक्रीट वाळताना आकसते त्यातली असावी. त्याने लिहिले: 'नजर ठेवावी'. नजर कशी ठेवावी, असे सौ.ने विचारले, तेव्हा भेगेच्या टोकांशी पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालावी, असे तो म्हणाला. मग मात्र मला राहवेना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने आमच्या माजघराची भिंत तडकली आणि त्याच आठवड्यात माझ्या वडिलांनी त्या भेगेवर काचेची एक पट्टी आडवी बसवून तिच्यावर तारीख घातली, भिंत केसभर जरी सरली तरी काच तुटेल म्हणून. ती काच अजून अखंड आहे, हे मी त्याला सांगितले.

तो जिन्याच्या पायरीवर बसला. त्याने पेन उघडले आणि त्या दिवसात प्रथमच बांधकामाविषयी त्यानेच मला प्रश्न विचारले. तरी काचेची जाडी किती होती, पट्टी सिमेंटात बसवली की प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये, आणि टोके किती इंच दाबली, हे उलटटपाली कळवावे. त्याने आपला पत्ता देऊन ठेवला आहे.

ती. सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार. चिरंजीव मजेत आहेत.

आपला आज्ञाधारक,
विनायक