सायकलकाका

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक सोसायटीत एक सायकलकाका असतात. व्हीआरएस किंवा लॉकडाऊन, दोहोंपैकी एकाने त्यांना घडवलेलं असतं. सायकलची किंमत काकूंना अर्धीच सांगितलेली असते. डोक्यावर हेल्मेट, अंगात पोपटी जाकीट, पुढे पांढरा दिवा, मागे लुकलुकणारा लाल. लिफ्टमध्ये शिरले की लहान मुलं ‘मोरया’ म्हणतात.

त्यांना ‘आज किती किलोमीटर?’ एवढंही विचारू नये. उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही, प्रवचनात येतं. “मागून येणाऱ्या गाडीला काय घाबरता? उभ्या गाडीला घाबरा!” एस. व्ही. रोडला रांगेने उभ्या गाड्यांपैकी कुणाचं दार कधी उघडेल याचा नेम नाही, म्हणून काका त्यांच्यापासून चांगलं मीटरभर लांबून जातात. मागची गाडी कितीही कोकलली तरी कडेच्या पेव्हर ब्लॉकवर उतरत नाहीत. स्टॉपवरच्या बेस्टच्या डावीकडून घुसत नाहीत. सिग्नलला डंपरशेजारी थांबत नाहीत, कारण ड्रायव्हरला तिथलं दिसतच नाही आणि तो वळतो नेमका डावीकडे. त्यांच्या शास्त्रात बसत नाही ती फक्त रिक्षा. वांद्रे-शीवच्या पलीकडे शहरात रिक्षाला मज्जाव. तिथे सायकल चालवणाऱ्यांना काका ‘ज्युनियर केजी’ म्हणतात.

वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास खास सायकल ट्रॅक झाला होता. त्यावर गाड्या कशा पार्क होऊ लागल्या, हे सांगताना त्यांचा आवाज दहाव्याला आल्यासारखा होतो. मेट्रोचं नाव काढलं की मात्र खुलतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या २अ आणि ७ या मार्गांच्या गाड्यांत सायकल ठेवायची सोय आहे. दहिसर ते अंधेरी सायकल ऐटीत जाते, काका लोंबकळत.

पहाटेच्या पाववाल्यालाही त्यांनी एकदा हेल्मेटचं महत्त्व सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाव कितना दूँ?”

पण काकांची खरी मोहीम डाव्या हाताची. ड्रायव्हरने उजव्या हाताने दार उघडलं तर मान पुढेच राहते. डाव्याने उघडलं की खांदा वळतो, नजर आपोआप मागे जाते. हॉलंडमध्ये हेच शिकवतात, फक्त तिथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून हात उजवा. सोसायटीच्या वार्षिक सभेत काकांनी खुर्चीवर बसून प्रात्यक्षिक दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या. “अहो, गाडी म्हणजे लक्ष्मी. दसऱ्याला हार घालतो आम्ही तिला. डावा हात कसा लावायचा?” विषय तिथेच संपला आणि सभेने पार्किंगचे दर वाढवले.

काका कंटाळवाणे आहेत, यात वाद नाही. पण दाराच्या बाबतीत त्यांचं अक्षर न् अक्षर खरं आहे. तेव्हा लक्ष्मीची हवी तर क्षमा मागा, पण आजपासून ड्रायव्हरच्या बाजूचं दार डाव्या हातानेच उघडा.